हॉल नंतर, आधी बाबांची वही

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. मी नाशिकरोडला जेल रोडची, वय २८, नोकरीला पुण्यात. फेब्रुवारीत माझं लग्न आहे. नवरा जळगावचा, तोही पुण्यातच. आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न करतोय. विधी, वरात काही नाही. घरच्यांनी ते कसंबसं मान्य केलं, पण अट घातली की रिसेप्शन झालंच पाहिजे आणि तेही नाशिकला. खर्च आम्ही दोघं करणार. हॉल, जेवण, सजावट धरून ४ लाख. कर्ज काढणार नाही. बाबा नोट प्रेसमधून रिटायर झालेत. त्यांच्या आमंत्रणाच्या वहीत १५० घरं आहेत, घरटी चार धरून ६०० माणसं. शिवाय जळगावची ६० आणि आमचे मित्रमैत्रिणी ४०. तीन जागा बघितल्या. गंगापूर रोडचं एक लॉन: भाडं १,२५,०००, सजावट त्यांच्याच माणसाकडून घ्यायची आणि ती ६०,००० पासून पुढे, केटरर आपला चालतो. मुंबई नाक्याजवळ एका हॉटेलचा बँक्वेट हॉल: भाडं नाही, ८५० रुपये प्लेट, कमीत कमी ३०० प्लेट. तिसरं नाशिकरोडला बिटकोजवळचं जुनं मंगल कार्यालय: एका सत्राचं भाडं ४०,०००, केटरर आपला, पण पंखे खडखडतात आणि भिंतींना तो जुनाट पिस्ता रंग. बाबांना लॉनच हवंय. त्यांच्या दोन मित्रांच्या मुलींची रिसेप्शनं तिथेच झाली. आई म्हणते, तू ठरव. मी काय ठरवू? — जेल रोडची नवरी"

अगं नवरी, तुझं पत्र वाचून झाल्यावर आधी कागद-पेन घेतलं. तू तिन्ही जागांचं भाडं लिहिलंयस, पण बेरीज कुठेच केलेली नाहीस. ती मी केली.

लॉन घे. भाडं १,२५,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले १,४७,५००. तुझ्या हिशोबाने ७०० माणसं. केटरर साधा ३६० रुपये ताट धरला तरी २,५२,०००, त्यावर ५ टक्के कर, म्हणजे २,६४,६००. सजावट ६०,०००. इथेच ४,७२,१०० झाले. अजून जनरेटरचं डिझेल नाही, वीजबिल नाही, साफसफाई नाही, आणि फोटोवाल्याच्या पोरांनाही जेवायला लागतं. हॉटेलचं तर विचारूच नकोस. सातशे माणसं गुणिले ८५० म्हणजे ५,९५,०००, आणि कर वेगळा.

यात एक गोष्ट तुझ्या लक्षात आली असेल. लॉन घ्यायचं की नाही यावरून तुमच्या घरात अडलंय, पण तिथे भाड्यापेक्षा जेवण महाग आहे. हॉटेलात तर भाडंच नाही, सगळं जेवणच. रिसेप्शनचा पैसा जागेत जात नाही, ताटात जातो. त्यामुळे लॉन की कार्यालय हा वाद आत्ता मिटवायला जाऊच नकोस. आधी ते सातशे खरे आहेत का ते बघू.

येत्या शनिवारी-रविवारी नाशिकला येशील तेव्हा बाबांच्या शेजारी बस. वही त्यांच्याच हातात राहू दे, पेन तू घे. एकही नाव खोडायचं नाही, हे आधीच सांगून टाक, म्हणजे ते आखडून बसणार नाहीत. फक्त प्रत्येक घरापुढे आकडा लिहायचा: चार, दोन किंवा एक. सख्खी नाती, ज्यांच्याकडे तुम्ही सहकुटुंब जाता आणि जे तुमच्याकडे सहकुटुंब येतात, ती चार. प्रेसमधले जुने सहकारी दोन. त्यांची मुलं आता पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला. येणार ते दोघं म्हातारा-म्हातारी. आणि ज्यांच्याशी नमस्कारापुरती ओळख आहे, पत्रिका दिली नाही तर वाईट दिसेल अशी घरं, तिथून एकच माणूस पाकीट घेऊन येतो आणि बहुतेकदा जेवून जातो. तो एक.

माझा अंदाज सांगते, आकडे तू तुझे घाल. १५० पैकी ३० घरं चारची, म्हणजे १२०. ८५ घरं दोनची, १७०. ३५ घरं एकाची, ३५. झाले ३२५. जळगावची ६०, मित्रमंडळी ४०. एकूण ४२५. एकाही घराचं नाव न कापता सातशेचे सव्वाचारशे होतात! आणि त्यातलेही सगळे येत नाहीत. त्या दिवशी आणखी दोन लग्नं असतात, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला नातवाला सांभाळायचं असतं. केटररला गॅरंटी ३७५ ची दे आणि तयारी ४२५ ची करायला सांग. वरच्या ताटांचा दर तोच राहील, हे आधी लिहून घे, कारण ऐनवेळी वाढलेल्या ताटाला जास्त दर लावायची सवय बऱ्याच जणांना असते.

आता तारखेचं. तुझ्या हातात एक मोठा हुकमी पत्ता आहे आणि पत्रात तू त्याचा उल्लेखही केला नाहीस. तुमचं लग्न नोंदणीचं आहे. रिसेप्शनला मुहूर्त लागत नाही! कार्यालयवाले पंचांग बघून दर लावतात. दाट लग्नतिथीला जागा मिळत नाही आणि मिळाली तर दर चढा. तुम्ही फेब्रुवारीतल्या रविवारांची यादी करा, पंचांगात त्यातल्या कुठल्या रविवारी लग्नतिथी नाही ते बघा आणि तो रविवार मागा. भाव करायला तोंड असतं ते तिथेच. नोंदणीचं म्हणशील तर विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिल्यापासून ३० दिवस थांबावं लागतं आणि नोटिशीपासून ३ महिन्यांच्या आत लग्न व्हावं लागतं. तुमच्यापैकी एक जण तरी ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहतोय तिथे नोटीस द्यायची असते, म्हणजे तुमचं काम पुण्यातच होईल. ते एखाद्या कामाच्या दिवशी उरका आणि रिसेप्शनचा रविवार मोकळा ठेवा.

आणि वेळ दुपारची ठेव. बारा ते तीन. मी हे का सांगतेय, त्यामागे आमच्या घरातली एक रात्र आहे.

माझ्या भाच्याचं रिसेप्शन जानेवारीत शहराबाहेरच्या एका लॉनवर होतं. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. पत्रिकेत वेळ सायंकाळी सात, माणसं यायला लागली साडेआठला. नाशिकची जानेवारीतली थंडी तुला सांगायला नको, पारा दहाच्या खाली जातो. उघड्यावर तर दव पडतं. खुर्च्यांची सॅटिनची कव्हरं ओली झाली होती. बायका पैठण्या सांभाळत कडेकडेने उभ्या. पुरी कढईतून काउंटरवर येईपर्यंत वातड, आणि तुपाच्या भांड्यात पळी उभी राहत होती. श्रीखंडाकडे कुणी बघेना. भाच्याच्या सासूबाईंनी स्वेटरवरून शाल आणि शालीवर हार, असे सगळे फोटो काढले. नवरा-नवरीची एन्ट्री वाजतगाजत सव्वानऊला झाली आणि दहाला आवाज बंद, कारण रात्री दहानंतर स्पीकर लावता येत नाही. हा नियम २००० सालापासूनचा आहे. डीजेला पैसे दिले होते पूर्ण रात्रीचे, वाजला पाऊण तास.

पण खरा दणका दुसऱ्या दिवशी बसला. बिलात वीज ११०० युनिट, २५ रुपयांनी, म्हणजे २७,५००. भाऊजी म्हणाले, एका रात्रीत ११०० युनिट कसे जळतील? मॅनेजर म्हणाला, मीटर बघा. मीटर बघितला, आकडा होता तो होता. सुरुवातीचा आकडा काय होता? कुणी बघितलाच नव्हता. आदल्या रात्री तिथे हळद झाली होती, त्याचे युनिट आमच्या माथी आले की काय, आम्हाला आजही माहीत नाही. डिपॉझिटातून पैसे कापून घेतले आणि आम्ही घरी आलो. तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असलं की हॉलचा ताबा घेताना पहिलं काम मीटरचा फोटो काढायचं. दुसरा फोटो निघताना. हे काम कुणातरी एकाच माणसाचं असू दे, नाहीतर सगळ्यांना वाटतं दुसऱ्याने काढला असेल.

तर दुपार. दुपारी रोषणाईचा खर्च नाही, जनरेटर लागला तर पंख्यांपुरता, थंडीचा प्रश्न नाही. फेब्रुवारीची नाशिकची दुपार इतकी गोड असते की पुण्या-मुंबईचे लोक त्यासाठी सुट्टी काढून येतात. तुझे पुण्याचे मित्र पहाटे निघाले तर वेळेत पोचतील आणि रात्री परत घरी. कुणाची राहायची सोय करायला नको.

आता जळगावकरांचा विचार कर. साठ माणसं गंगापूर रोडला न्यायची म्हणजे बस करावी लागणार, किंवा रेल्वेने नाशिकरोडला उतरवून तिथून पुन्हा गाड्या. तेच कार्यालय बिटकोजवळ असेल तर स्टेशनवरून रिक्षाने दहा मिनिटं. जळगावहून नाशिकरोड रेल्वेने साडेतीन-चार तासांचं अंतर आहे. सकाळी लवकर निघून बाराच्या आत पोचायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. साठ माणसांची एक रात्रीची लॉजिंग वाचली, हे तुझ्या सासऱ्यांनाही आवडेल. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तारीख ठरली की तुझ्या नवऱ्याला त्या कामाला लाव.

आणि बाबांचे ते ८५ सहकारी? ते सगळे कुठे राहतात? जेल रोड, उपनगर, देवळाली गाव, दत्तमंदिर. सत्तरीची माणसं, अर्धे अजून स्कूटरवर. त्यांना थंडीच्या रात्री द्वारकेच्या चौकातून गंगापूर रोडला बोलवायचं? त्यात २०२७ च्या सिंहस्थाची शहरभर कामं, आज हा रस्ता बंद, उद्या तो. म्हणजे बाबा ज्यांना दाखवण्यासाठी लॉन घेणार, त्यातले निम्मे लॉनपर्यंत पोचणारच नाहीत. वाद घालायचाच असेल तर हा एक मुद्दा बाबांपुढे ठेव, पैशाचा नको.

मी बिटकोचं कार्यालय घे म्हणतेय हे तुझ्या लक्षात आलंच असेल. पण आंधळेपणाने नाही.

तू ते रिकामं असताना बघितलंस, बरोबर? रिकामा हॉल सगळाच बरा दिसतो किंवा सगळाच भकास. तिथे दुसऱ्या कुणाचं लग्न असेल त्या दिवशी दुपारी दीड वाजता जा. व्यवस्थापकाला सांगून जा, कुणी अडवत नाही. तिसरी पंगत उठत असेल तेव्हा हात धुवायच्या जागी पाच मिनिटं उभी राहा. नळाला पाणी आहे का, खाली चिखल झालाय का, बेसिनमध्ये भाताची शितं तुंबलीत का. मग बायकांच्या संडासात जा. कडी लागते का, बादली आहे का, दिवा लागतो का. पंख्यांची खडखड पंगतीच्या गलक्यात ऐकू येत नाही, पण संडासाची कडी तुटलेली असेल तर ती आठवण तुझ्या मावश्या वीस वर्षं काढतील. पिस्ता रंगाचं मनावर घेऊ नकोस. स्टेजच्या मागे पडदा आला की भिंत दिसत नाही आणि फोटो सगळे स्टेजचेच निघतात.

आणखी बघायचं ते जेवणाचा हॉल किती जणांचा. समज, एका पंगतीला १२० बसतात. ४२५ माणसांना चार पंगती. एक पंगत साधारण ४० मिनिटांत उठते, म्हणजे पावणेतीन तासांच्या आत सगळं आटपतं. १२ ते ३ मध्ये नीट बसतं. जिना असेल आणि जेवण वर असेल तर मात्र विचार कर. सत्तरीची ८५ जोडपी आहेत, विसरू नकोस. लिफ्ट नसेल तर पंचवीस-तीस ताटं खालीच वाढायची सोय करून घे.

पंगत की बुफे? मी पंगतीच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हाताऱ्या माणसाला एका हातात ताट धरून दुसऱ्या हाताने चमचा चालवायला लावणं मला पटत नाही. वाढप्यांचे पैसे जास्त जातात, खरं आहे. पण बुफेत ताटात घेऊन टाकून देतात ते अन्नही तुझ्याच पैशाचं असतं.

मेनूवर मी जरा रेंगाळणार आहे. केटरर तुला छापील कार्ड देईल: दोन स्वीट, पनीरची एक भाजी, मंचुरियन, पाणीपुरीचा स्टॉल, डोसा काउंटर, आइस्क्रीमचे तीन फ्लेवर. त्यातलं नव्वद टक्के सगळीकडे सारखंच लागतं. तुझं सासर जळगावचं आहे ना? मग वरण-बट्टी कर. गव्हात थोडा मका घालून रवाळ दळलेलं पीठ, हळद, ओवा, तेलाचं मोहन. गोळे उकडून, कापून, तळून गरम गरम ताटात. त्यावर घट्ट वरण, मग तुपाची धार. सोबत वांग्याची घोटलेली भाजी. गोडाला जिलबी. खान्देशातली माणसं पंगतीला बसली आणि समोर बट्टी आली की त्यांच्या चेहऱ्यात जो फरक पडतो, तो बघण्यासारखा असतो. नाशिककडेही हा पाहुणचाराचाच बेत समजतात, त्यामुळे प्रेसवाले नाक मुरडणार नाहीत. पोट भरतं, ताटात काही टाकून दिलं जात नाही आणि चार काउंटर उभे करण्याचा खर्च वाचतो. दुपारी हे जेवण चालतं. रात्री नऊला बट्टी खाऊन कुणी झोपू शकत नाही, दुपार म्हणण्याचं तेही एक कारण. केटरर मात्र बट्टी रोज करणारा बघ. पंजाबी भाज्यांचा केटरर 'करून देऊ की मॅडम' म्हणेल आणि बट्टीचे दगड होतील. आधी दुसऱ्याच्या कार्यात त्याच्या हातचं खाऊन बघ. घरी पाठवलेल्या चार वाट्यांच्या सॅम्पलवर विश्वास ठेवू नकोस. चार माणसांची बट्टी कुणालाही जमते. अन्न परवाना आहे का तेही विचार.

बट्टीला तूप चांगलं लागतं, म्हणून ताट ३६० ऐवजी ४२० धरू. ४०० ताटांचे १,६८,०००, कर धरून १,७६,४००. कार्यालय कर धरून ४७,२००. सजावट ४५,०००. एकूण २,६८,६००. हातात १,३१,४०० उरतात. सगळीच्या सगळी ४२५ माणसं जेवली तर त्यातले आणखी ११,०२५ जातील. बाकीच्यात वीज, साफसफाई, माइक, जळगावकरांचा सकाळचा चहा-नाश्ता, एक बाई पूर्णवेळ फक्त संडास-बेसिन स्वच्छ ठेवायला. तिचे पैसे देताना हात आखडू नकोस. तरी बरेच वाचतील. ते ठेवून दे, पुण्यात घरभाड्याचं डिपॉझिट लागणारच आहे.

हॉटेलबद्दलही खरं ते सांगते. यादी ४२५ वर आली की ते अगदीच हाताबाहेर राहत नाही. ४२५ प्लेटचे ३,६१,२५०. पण मग विचारायचं, जेवणावर कर ५ टक्के की १८? खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० च्या वर असलेल्या हॉटेलात जेवणावर सहसा १८ लागतो. पाचने ३,७९,३१२ होतात, अठराने ४,२६,२७५. एका प्रश्नावर जवळजवळ ४७,००० रुपये अवलंबून आहेत, आणि बुकिंगच्या टेबलावर हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. ती माणसं 'प्लस टॅक्स' इतकंच म्हणून पुढे जातात. एसी, स्वच्छता, नम्र वाढपी हे हॉटेलचं सुख आहेच. तुझी यादी अडीचशेची असती तर मी कदाचित तेच सुचवलं असतं, फक्त ३०० प्लेटची अट खाली आणायला सांगून.

लॉन किंवा हॉटेलवाल्याने 'म्युझिक लायसन्स फी' म्हणून काही हजार मागितले तर देऊ नकोस. कॉपीराइट कायद्यातच लग्नाला आणि लग्नासंबंधीच्या समारंभाला गाणी वाजवण्याची सूट आहे, आणि केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून ते पुन्हा स्पष्ट केलं आहे. ती सूचना मोबाइलवर ठेव, दाखवली की विषय संपतो.

फुलांचं एक सांगायचं राहिलं. फेब्रुवारीत गुलाबाच्या मागे लागू नकोस. आपल्या दिंडोरीकडे पॉलिहाऊसचे गुलाब कितीही असले तरी व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात ते दिल्ली-मुंबईला जातात आणि इथे भाव वर चढतात. झेंडू, शेवंती आणि आंब्याची पानं. पिस्ता भिंतीवर पिवळा झेंडू वाईट दिसत नाही, खरं सांगते. सजावटवाल्याला स्टेज आणि दार, दोनच जागा दे. वाटेवरच्या कमानी, लटकते दिवे, नावाचं थर्माकोल, यातलं काहीही नको.

घरातला कुणी मामा-काका म्हणेलच, "कशाला हॉल? आपला मळा आहे की निफाडला!" कुणी ना कुणी म्हणतंच. ऐकायला फार छान वाटतं. मंडप, खुर्च्या, जनरेटर, पाण्याचा टँकर, फिरते संडास, रस्त्यावर मुरूम, एवढं आणलं की मळा हॉलच्या पुढे जातो. शिवाय फेब्रुवारीत द्राक्षाची काढणी ऐन भरात असते. ज्याचा मळा आहे त्याच्या घरात त्या दिवसांत तुझ्या रिसेप्शनसाठी दोन माणसंही मोकळी नसतात. मामांना जळगावकरांना स्टेशनवरून आणायचं काम दे, खूश होतील.

राहता राहिले बाबा. त्यांना लॉन हवंय असं तू लिहिलंस. मला तसं वाटत नाही. मुलीच्या डोक्यावर अक्षता पडताना बघायला मिळणार नाहीत, हे त्यांनी गिळलंय, तुझ्यासाठी. आता निदान चार लोकांत ताठ मानेने उभं राहायला मिळावं एवढंच मागतायत, आणि त्यांना माहीत असलेली जागा लॉन ही आहे, कारण मित्रांनी तिथे केलं. म्हणून त्यांना 'परवडत नाही' असं म्हणू नकोस. रिटायर माणसाला ते वाक्य लागतं; तो लगेच पीएफची एफडी मोडायला निघतो. म्हण, "बाबा, तुमच्या मित्रांना जवळ पडावं म्हणून बिटको घेतेय." खोटं नाहीच ते.

आणि त्यांना काम दे. दारात उभं राहून नमस्कार करायचं नव्हे, खरं काम. केटररबरोबर सगळ्यात मोठं भांडण ताटांच्या आकड्यावरून होतं. तो म्हणतो ४६०, आपण म्हणतो ४१०, आणि मध्ये उष्ट्या ताटांचा ढीग. यावर उपाय असा की सकाळी केटररची ताटं उतरतात तेव्हाच आपला माणूस तिथे बसवायचा. पन्नास-पन्नासच्या चळती लावून मोजायच्या, वहीत लिहायचं, केटररच्या माणसाची सही घ्यायची. शेवटी न वापरलेली ताटं पुन्हा मोजायची. वजाबाकी म्हणजे बिल. त्यात वाढपी, बँडवाले, ड्रायव्हर यांची ताटं कुणाच्या खात्यात, हे आदल्या दिवशीच ठरवायचं. आता मला सांग, ज्यांनी नोट प्रेसमध्ये आयुष्य काढलं त्यांच्यापेक्षा मोजणीला चांगला माणूस तुला अख्ख्या नाशिकमध्ये सापडेल का? बाबांचे दोन-तीन मित्र त्या टेबलाशी बसव, चहा पाठवत राहा. केटररची एक ताट इकडचं तिकडे करायची हिंमत होणार नाही.

बुकिंगच्या पावतीवर तारीख, सत्र, ताबा किती वाजता आणि सोडायचं किती वाजता, डिपॉझिट, विजेचा दर आणि रद्द केलं तर किती परत, एवढं लिहून घे. तोंडी 'होऊन जाईल' हे नाशिकमध्येही चालत नाही आणि जळगावातही नाही. दुपारचं सत्र तीनला संपतं की चारला, हे मुद्दाम विचार. संध्याकाळचं कार्य असलेली माणसं अडीचलाच गाद्या-सतरंज्या घेऊन दारात येतात आणि तुझी चौथी पंगत अजून जिलबीवर असते.

या रविवारी वहीचं काम कर. त्याच्या पुढच्या रविवारी बाबांना घेऊनच कार्यालयात जा, दीड वाजता, तिसऱ्या पंगतीला. ते आधी पंख्यांकडे बघतील. बघू दे. मग त्यांना भांडारात ने आणि ताटं कुठे उतरतात ती जागा दाखव.